पुठ्ठ्याचं इंजिन

गॅरेजात त्याला सगळे खोका म्हणत. सासरे म्हणत, साडू म्हणे, आणि रागावली की बायकोही म्हणे. नाव उगाच पडलेलं नव्हतं. गाडीत दुसऱ्या जातीचं इंजिन घालायचं असलं की बाकीचे मिस्त्री टेप लावत, खडूनं भिंतीवर आकडे लिहीत आणि मग त्या आकड्यांवरून भांडत. हा आधी पुठ्ठ्याचं इंजिन करायचा. खाली तेलाच्या चेंबरचं पोट, मागे गिअरबॉक्सला जोडायचं तोंड, सगळं खऱ्याच्या मापाचं. ते पोकळ बाळ बॉनेटखाली अलगद निजवायचं, चारी अंगांनी बोट फिरवायचं, आणि मगच भंगारवाल्याकडे जायचं. खोका बसला की इंजिन बसायचं. आजवर एकदाही चुकला नव्हता. माणूस फुगायला एवढं पुरे होतं, आणि हा तर थोरला जावई.

सासऱ्यांची एक शर्यतीची गाडी होती. बुटकी, रुंद, समोरून पाहिली तर दबा धरून बसलेल्या मांजरासारखी. रोज सकाळी सासरे तिच्या नाकावर बूड टेकून चहा पीत आणि दोन्ही जावयांची सालं काढत. त्या गाडीचं इंजिन एकदाचं फुटलं. सासऱ्यांनी कप खाली ठेवला.

"जावईबापू, हिच्यासाठी मशीन तुम्ही निवडा. बसलं, तर गॅरेजच्या किल्ल्या तुमच्या. नाही बसलं, तर धाकट्याच्या. म्हणजे तुमचं भांडण नको, माझी झोप मोडायला नको."

त्या दिवशी घरी जाऊन खोका आरशासमोर उभा राहिला. किल्ल्या कमरेला उजवीकडे शोभतील की डावीकडे, हे त्यानं बायकोला दोनदा विचारलं.

"अहो, आधी मशीन तर बसू द्या," ती म्हणाली.

फुटलेलं इंजिन बाहेर काढलं. आतली जागा घासूनपुसून ताटासारखी केली. भंगारात दोन इंजिनं होती. एक आखूड, टर्बोवालं. दुसरं सहा सिलिंडरचं, लांबलचक, त्याचा आवाज ऐकून गल्लीतली कुत्री शेपूट घालत.

"आखूडच घ्या, दादा," धाकटा म्हणाला. "नाक हलकं राहील."

"तुझं डोकं राहिलंय तेवढं हलकं पुरे."

त्यानं लांबड्याचा खोका केला आणि आत निजवला. बसला! मागच्या पत्र्याला बोटभर जागा, बॉनेट बंद, चेंबरच्या पोटाखाली पुढच्या चाकांना जोडणारी आडवी दांडी, तिच्या आणि पोटाच्या मधेही चांगली फट. गिअरबॉक्सची भोकं भोकांना जुळत होती. खोक्यानं मान वर केली.

"मामा, या, बसा. बघा तरी."

सासरे त्या दिवशी गाडीच्या नाकावर बसले नाहीत. स्टूल ओढून लांब बसले.

"दिसतंय इथून," ते म्हणाले. "झकास आहे. घाला."

एवढ्यावर खोक्यानं इंजिन टेकवायचे गाडीतले जुने पाये कापले, नव्या इंजिनाच्या मापानं वेल्ड केले. मागे फिरायची वाटच त्यानं स्वतःच्या हातानं कापून टाकली. साखळीला लटकून इंजिन आत उतरलं. शेजारचे दुकानदार टाळ्या वाजवू लागले. साखळी सैल झाली, सगळं वजन गाडीवर आलं, नाक खाली बसलं. आणि आतून आवाज आला. ठक्‌.

नाक खाली आलं, चाकं जागेवर राहिली. मग चाकांची दांडी जाणार कुठे? ती वर आली आणि चेंबरच्या पोटात रुतली. इंजिन काढलेल्या मोकळ्या गाडीचं नाक वर उचललेलं असतं. खोक्यानं माप घेतलं ते तेव्हा, आणि पुठ्ठ्याला वजन नसतं. आधीच्या गाड्या उंच होत्या, फट ऐसपैस होती, म्हणून आजवर निभावलं होतं. इथे चेंबर चिरलं आणि तेल थेट त्याच्या चपलांवर आलं.

"चेंबर कापून वर घेतो, मामा. एका दिवसाचं काम आहे."

"कापून कोणीही बसवतो, जावईबापू. तुम्हाला निवडायला सांगितलं होतं."

"तुम्हाला दिसलं होतं?"

"म्हणून तर स्टुलावर बसलो!" सासऱ्यांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. "नाकावर बसलो असतो तर दांडी वर आली असती ना. फुकटात शहाणे झाला असतात!"

किल्ल्या धाकट्याच्या खिशात गेल्या.

त्यानंतर खोक्यानं पद्धत सुधारली. पुठ्ठ्याच्या इंजिनात तो इंजिनाच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या रचू लागला. गाडी खरी बसायची, माप खरं यायचं. लांबलांबून लोक येऊ लागले.

"युक्ती कोणाची?" एकानं विचारलं.

"आमच्या धाकट्या जावयाची," सासरे म्हणाले. धाकट्यानं मान खाली घातली, पण खोडून काढलं नाही. "थोरले वाळू उचलतात," सासरे पुढे म्हणाले. "अंगानं दणकट आहेत." आणि मग स्टुलाची गोष्ट पहिल्यापासून सुरू झाली.

डबा घेऊन आलेली बायकोही पदर तोंडाला लावून हसली. खोका खांद्यावर पिशवी घेऊन उभा होता. तो सगळ्यांत मोठ्यानं हसला. तो हसला नाही तर सासरे गोष्ट पुन्हा सांगत, आणि संपेपर्यंत पिशवी खाली ठेवू देत नसत.