इंटरव्हलनंतरचा सिनेमा
काल लेकीनं पॉपकॉर्न केले आणि त्या वासानं मला भिवंडीतलं थिएटर आठवलं. ती तेव्हा चार वर्षांची होती, नवऱ्याच्या पॉवरलूमला सुट्टी होती, तिकिटं काढून झाली होती. "मोठ्यांचा पिक्चर हाय, पोरगी आत न्हाय चालणार," दारावरचा माणूस म्हणाला. मग इंटरव्हलपर्यंत नवरा आत बसला, मी बाहेर लेकीला सांभाळलं. नंतर आम्ही अदलाबदल केली. शेलारला घरी परतताना स्कूटरवर तो हिरोचं कौतुक करताना थकेना, म्हणून पुढची गोष्ट सांगताना शेवटी हिरो मरतो हे मी सांगितलंच नाही, जगवला त्याला. लेक आता अठराची झालीय, म्हणून काल तोच सिनेमा मोबाईलवर लावला. इंटरव्हल येताच नवरा उठला. "तुम्ही बघा, मी च्या ठेवतो. पुढचं मला ठाव हाय."