सविताच्या आवाजाची जुळवणी

आमच्या शेजारचे कानिफनाथ नागापूरच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं पत्रा ठोकणाऱ्या प्रेस मशीनवर होते. त्यांची पत्नी सविता चार वर्षांपूर्वी गेली. तिच्या आवाजाची एकच कॅसेट आहे. माझ्या नातीच्या, दिशाच्या, बारशाला ११ फेब्रुवारी १९९६ रोजी तिने आमच्या घरी पाळणा म्हटला, तेव्हाची. ती ऐकताना सविता समोर बसल्यासारखी वाटावी, एवढंच कानिफनाथांना हवं आहे.

त्यांचा मुलगा अंगद सुप्याला नोकरीला आहे. मोबाईलवर नव्या म्युझिक सेटचे फोटो दाखवत तो म्हणाला, "आण्णा, हे भंगार काढा. असा आणतो की भिंती हादरतील."

"भिंतींचं काय करू? तुझी आई हाय का त्यात?"

कॅसेट वाजवायचा जुना सेट राहिला. त्यांनी स्पीकरखाली मशीनच्या पायाचे जाड रबर ठेवले. वायर बदलली. आवाज घुमतो म्हणून उघड्या भिंतीवर गोधडी टांगली. प्रत्येक वेळी मला हाक येई, "बाई, या, ऐका." खरंच, दर खेपेला सविता थोडी जवळ येत होती.

गेल्या सप्टेंबरात एका रविवारी गेले, तर ट्रेबलचं, म्हणजे उंच पट्टीतले बारीक आवाज वाढवायचं, बटण शेवटपर्यंत फिरवलेलं. मी कानावर हात ठेवले.

"कानिफनाथ, ही सविता नाही. कुणीतरी किंचाळतंय."

ते म्हणाले, "मला तर ती आत्ता कुठं ऐकाय यायला लागली."

प्रेसच्या दणक्यांनी त्यांच्या कानातले बारीक आवाज कधीच नेले होते. सेटचा काही दोष नव्हता.

"कानाचं यंत्र लावून पाहिलंत?"

"लावलं हुतं. पत्र्याच्या डब्यात बसून गाती." ते बाजूला सरकले. "तुमी फिरवा. तुमचं कान शाबूत हायेत. तुमी तिला समोर ऐकलंय."

मी बटण हळूहळू मागे आणलं. खालच्या पट्टीतली तिची किंचित खरखर आली. दोन ओळींच्या मधे ती श्वास घेई, तोही आला. माझे डोळे भरले.

"इथे," मी म्हटलं. "ही सविता."

ते पुढे वाकले. कपाळाला आठ्या पडल्या. मला कळलं, त्यांच्यापर्यंत शब्द पोचत नव्हते. मी बटण परत वाढवायला गेले.

"ऱ्हाऊ द्या, बाई," त्यांनी मला थांबवलं. "माझ्यापायी तिला वरडाय नका लावू. हाय तशी गाऊ द्या."

पाळणा चालू राहिला. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"कुठवर आली?"

"दिशाच्या नावापाशी," मी मोठ्याने सांगितलं.

त्यांनी मान डोलावली, आणि पुढचं विचारायला थोडा वेळ थांबले.