ग्रीसला जाण्याआधी

रविवारी सकाळी मी आणि आई ग्रीसच्या सहलीचं ठरवत बसलो होतो. आईची नजर दिवसेंदिवस अधू होते आहे आणि गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. म्हणून देवळं, संग्रहालयं, बेटं असं सगळंच तिला दाखवायची मला घाई झाली होती. आई मात्र लॅपटॉपला नाक लागेल इतकी वाकून एका पांढऱ्या घराच्या निळ्या दारावरून बोट फिरवत होती.

"एवढी धावपळ नको गं," ती म्हणाली. "अशा एखाद्या दारासमोर उन्हात बसू. तू काय दिसतंय ते सांगत राहा."

"अगं, पण तुला अजून दिसतंय ना!"

"दिसतंय, तोवरच सवय करू या. पुढे तुझ्याच डोळ्यांनी बघायचंय मला."

इतकी वर्षं मी किती काय काय बघत आले, पण कुणाला सांगता येईल असं कधी बघितलंच नव्हतं. सहलीच्या यादीत मी एकच बेट ठेवलं, बाकीची काढून टाकली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आई, समोरच्या गच्चीवर कुणीतरी पिवळी साडी वाळत घातलीय."

आईने डोळे मिटून घेतले.

"काठ कुठल्या रंगाचे?" तिने विचारलं.