पाण्याकडची खिडकी

कुठल्याही गाडीत चढण्याआधी तात्या गाडीच्या पुढ्यात जाऊन उभे राहत. एसटी असो, काळीपिवळी जीप असो की वऱ्हाडाचा टेम्पो. गाडीचं तोंड जिकडे असेल तिकडे स्वतःचं तोंड करायचं, डोळे मिटून सगळा रस्ता मनात चालून यायचा आणि मग एक हात वर करायचा. डावा वर झाला की डावी खिडकी, उजवा झाला की उजवी. ज्या बाजूला धरणाचं पाणी येणार, ती बाजू त्यांची. त्या बाजूची खिडकी मिळाली नाही तर ते खुशाल गाडी सोडून देत. शिरड शहापूरच्या फाट्यावर कंडक्टर लोक त्यांना खिडकीतात्या म्हणायचे आणि हे कळल्यावर तात्यांना राग वगैरे काही आला नाही.

ते माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. घरची मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन. त्यांचं मूळ गाव माझ्या जन्माच्या आधीच धरणात गेलेलं, आणि उठून आलेल्या लोकांची वस्ती आमच्या शिवाराला लागून. नव्वदच्या सुमारास मी कॉलेजात असताना औंढ्याच्या बाजाराला त्यांच्याबरोबर बऱ्याचदा गेलो. वाटेत एका चढावर झाडांच्या फटीतून पाणी दिसतं, डोळा लवेपर्यंतच. तेवढ्यापुरते तात्या बोलता बोलता थांबत. डोक्यावरचा रुमाल काढून मांडीवर घेत. चढ संपला की रुमाल डोक्यावर आणि ज्या शब्दावर थांबले त्याच शब्दापासून गोष्ट पुढे. मी तेव्हा शहाणा होतो. एकदा विचारलं, तेच ते पाणी रोज पाहून काय मिळतं तुम्हाला?

"पाणी कोण पाहून राहिलं?" तात्या म्हणाले.

खरं काय ते मला काकूने, म्हणजे त्यांच्या बायकोने सांगितलं. त्यांना पहिली मुलगी झाली होती, भागू. नुकती दुडूदुडू चालायला लागली होती आणि तापाने गेली. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. नदीकाठच्या त्यांच्याच शेतात, बांधावरच्या बाभळीखाली तिला ठेवलं आणि वर एक दगड. पुढे गाव उठलं. लोकांनी दाराच्या चौकटी काढून गाड्यांत घातल्या, देव उचलले. आमच्याकडे गाव सोडताना देवाला आणि वाडवडिलांना रीतसर बोलवावं लागतं. जागा डोळ्यांसमोर ठेवून, हातात सुपारी धरून 'चला आमच्यासंगं' म्हणायचं, आणि एकदा म्हटलं की नव्या घराचा उंबरा ओलांडेपर्यंत मागे वळून पाहायचं नाही. बोलावलं नाही तर ते बिचारे तिथंच बसून राहतात. तात्या घरातले कर्ते. त्यांनी खंडोबाला बोलावलं, बापाला बोलावलं, आज्याला बोलावलं. पण दूधपितं लेकरू पितरांत धरत नाहीत, त्यामुळे त्या यादीत भागू नव्हतीच. काकूला वाटलं त्यांनी बोलावलं असेल, तात्यांना वाटलं लेकराच्या आईनं बोलावलं असेल. नव्या जागी संध्याकाळी चूल पेटवताना काकूने विचारलं तेव्हा दोघांच्या लक्षात आलं.

तात्या सकाळी पळत परत गेले. आदल्या दिवशी वरच्या अंगाला पाऊस झाला होता आणि पाणी बांध ओलांडून आत आलं होतं. बाभळीचा शेंडा तेवढा दिसत होता, खालची जागा नाही. काठावरून त्यांनी पुष्कळ हाका मारल्या. पण जागा दिसल्याशिवाय बोलावणं लागू पडत नाही, असं त्यांच्या आईने सांगितलं, आणि तात्यांनी ते मरेपर्यंत खरं मानलं.

नंतर दर उन्हाळ्यात ते मेंढरं घेऊन ओसरत्या पाण्यामागे चालत. इतरांची शेतं उघडी पडत, कोणाची विहीर दिसे, कोणाचं जोतं. त्यांचं शेत नदीच्या पोटात, ते कधीच वर आलं नाही. धरणाचा मासा त्यांच्या घरात शिजला नाही. जुन्या घराची चौकट त्यांनी नव्या घराला बसवली होती, पण त्या दाराला कडी म्हणून लावायची नाही. शेळ्या आत शिरून पीठ खायच्या, गाव हसायचं. तात्या म्हणत, "ती आली अन् दार बंद दिसलं तर?" हे ते अशा साध्या आवाजात म्हणत की हसणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. माझ्या तर यायचाच. दिवेलागणीला त्या अर्धवट उघड्या दारासमोरून जाताना मी पाय उचलायचो.

काकू गेली तेव्हा मी जवळ होतो. तिने तात्यांना एवढंच सांगितलं, "मी तिकडं जाऊन तिला कुठं धुंडू? ती तर पाण्यातच बसून हाय. तुमी आणा तिला." तात्यांनी मान डोलावली. त्यानंतर ते गाड्यांपुढे जास्तच वेळ उभे राहू लागले.

पुढे मी मुंबईला नोकरीला लागलो आणि काही वर्षांनी नांदेडला विमान यायला लागलं. एकदा त्यातून येताना डावी खिडकी मिळाली. विमान उतरू लागलं आणि खाली धरण पसरलेलं दिसलं. काठावरून पाहिलं की नुसतं चकाकतं. वरून मात्र उथळ जागी पाण्याच्या आतल्या जुन्या बांधांच्या रेघा दिसत होत्या. ही मौज मी तात्यांना सांगितली. ते मेंढराचे खूर कापत बसले होते. हातातली कात्री खाली ठेवली.

"बांध दिसले?"

"दिसले की."

"कोणत्या बाजूनं?"

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला वर्षानुवर्षं नाही म्हणणारा हा माणूस त्याच महिन्यात माझ्याबरोबर मुंबईला यायला तयार झाला. अट एकच, परत विमानानं यायचं. डोळे झाले. उन्हाळा ऐन भरात होता, धरण तळाला गेलं होतं. विमानतळावर काउंटरच्या मुलीला त्यांनी माझ्यामार्फत बजावलं की खिडकी डावी, अन् पंखावर नको, पंखाच्या म्होरं पाहिजे. शिडीजवळ पोचल्यावर ते रांग सोडून विमानाच्या तोंडाकडे निघाले तेव्हा तिथला माणूस धावत आला. तोवर तात्यांचा डावा हात वर झालेला होता.

विमान खाली येऊ लागलं, पट्टे बांधायची सूचना झाली. तात्यांनी खिशातली सुपारी मुठीत घेतली. खिडकीत नांगरलेली काळी रानं येत होती, पाणी येत नव्हतं. मी सहज पलीकडे पाहिलं. विमान त्या दिवशी दुसऱ्या अंगानं आलं होतं. धरण उजव्या खिडक्यांत लखलखत होतं आणि तिथला गृहस्थ तोंड उघडं टाकून झोपला होता. तात्यांनी माझा चेहरा वाचला.

"पाणी तिकडं गेलं का?"

मी व्हय म्हणालो. ते पट्ट्याशी झटू लागले, पण हवाई सुंदरीने हात जोडून त्यांना खाली बसवलं. तात्या बसले. आयुष्यभर खिडकी न चुकलेला माणूस त्या दिवशी चुकला होता आणि मला त्या झोपलेल्या गृहस्थाला गदागदा हलवावंसं वाटत होतं. मग घोषणा झाली की धावपट्टी मोकळी नाही, एक फेरी मारावी लागेल. विमान डावीकडे कललं, गोल वळलं, आणि उजवीकडचं सगळं धरण फिरून तात्यांच्या खिडकीत आलं.

तात्या काचेला कपाळ लावून बसले. पाणी तळाला मातकट होतं. त्यात रेघा होत्या. त्यांचं बोट एका रेघेवर जाऊन थांबलं.

"भागू," ते म्हणाले, "चल माय. तुझा बाप न्यायला आला. लई उशीर झाला, रुसू नको."

आणि त्यांनी तोंड आत वळवलं. विमान उतरून थांबेपर्यंत त्यांनी खिडकीकडे पाहिलं नाही. मी रडत होतो, ते रडत नव्हते.

बाहेर मी जीप ठरवली. तात्या मागच्या बाकावर मधे बसले आणि खिडकीजवळची जागा मोकळी ठेवली. मी तिथं बसायला गेलो तर हातानेच मला पुढे जायला सांगितलं. ड्रायव्हर नांदेडचा, आमच्या ओळखीचा नाही. वसमत गेल्यावर त्याने आरशात पाहत मला विचारलं, "साहेब, मागं लेकराला ऊन लागत असेल, पडदा ओढू का?" तात्या त्या जागेशी काही हळू बोलत होते, ते त्याने ऐकलं असेल. मी तेव्हाही हेच म्हटलं, आजही हेच म्हणतो. मागे वळून मात्र मी पाहिलं नाही.

घरी आल्यावर तात्यांनी दार पुरतं उघडलं आणि बाजूला सरून जरा वेळ थांबले. मग स्वतः आत गेले. आतून कडी लावल्याचा आवाज आला. त्या घराच्या कडीचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

तात्या पुढच्या पावसाळ्यात झोपेतच गेले. मी अजून त्या विमानानं येतो, आणि हात आपोआप डावी खिडकी मागतो. पाणी दिसू लागलं की शेजाऱ्याशी चाललेलं बोलणं थांबवतो. त्या वेळी मी कोणाचंही नाव तोंडातून काढत नाही. त्या काठच्या बांधाबांधांवर अशी पुष्कळ लेकरं ठेवलेली होती, आणि त्यांना बोलावल्याचं कोणी मला सांगितलेलं नाही.