ताईंनी मागितलेला एक तास

घाईच्या भरात तुम्ही कधी जाणत्या माणसावर खेकसलात का? मी खेकसलो.

आमच्या संघटनेच्या टायपिस्ट ताई पडद्यावर पट्टी धरून, कामावरून काढलेल्या दोनशे कामगारांच्या जबान्यांच्या यादीतले फाइल-पत्ते, म्हणजे कुठली फाइल कुठल्या फोल्डरात आहे ते, बदलत होत्या. आमच्या विंडोज संगणकावर फोल्डरांच्या नावांमध्ये उलटी तिरकी रेघ लागते, कोर्टाच्या युनिक्स संगणकावर सुलटी.

“ताई, रेघोट्या पुरे! पाठवा आता.”

“दादा, तासभर थांबा. नाहीतर तिथे एकही जबानी सापडायची नाही.”

“मला अक्कल शिकवू नका!” म्हणत मीच जुनी यादी पाठवली.

कोर्टात एकही फाइल उघडली नाही आणि ते कळेपर्यंत पुरावे देण्याची मुदत उलटली होती. दोनशे जणांची नोकरी कायमची गेली. सगळ्यांनी ताईंना धारेवर धरलं आणि मी मिठाची गुळणी धरून बसलो. ताई काम सोडून गेल्या. कुठे भेटल्या तर सांगा त्यांना, चूक माझी होती.