जोड लागत नाही तेव्हा

मुळा धरणावर माझ्यासारखी दोरी कुणाकडेच नव्हती. कंपनीतले साहेब बदली होऊन जाताना गळाची काठी, चक्री आणि ही जाड पिवळी दोरी मला देऊन गेले. पिसांची खोटी माशी लांब फेकायची तर वजन दोरीचंच लागतं. काठावरचे लोक म्हणायचे, "गांडूळ लावा की राव. पिसं खायला मासा येडा हाय का?" मी ऐकून घ्यायचो.

अशी दोरी नगरात मिळत नाही. तुटली की केडगावच्या घरी मीच जोडायचो. टोकांवरचं प्लास्टिक खरवडायचं, आतले धागे सुईनं मोकळे करून एकमेकांत घालायचे, वरून बारीक दोरा गुंडाळायचा. मग वायरवर चढवतात ती नळी त्यावर सरकवून मेणबत्तीवर शेकायची, की सगळं एकजीव होतं. शेवटी डोळे मिटून दोरी चिमटीतून ओढायची. जोड कुठंय ते बोटांना कळलं नाही, तर काम फत्ते. या कामाचा मला भलताच माज होता.

गेल्या उन्हाळ्यात माझे जोड एकदम फक्कड व्हायला लागले. चिमटीत काही म्हणजे काही लागेना. बायकोला म्हटलं, "बघ, साठीनंतर हात बसला." धरणावर मात्र तोच जोड काठीवरच्या, दोरी ओवायच्या कडीत अडकायचा. मी कड्यांना शिव्या घातल्या, नव्या आणून बसवल्या, तरी तेच.

एका रविवारी दुपारी दोरी शेकत बसलो होतो. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अहो, काय जळतंय?"

"नळी," मी म्हटलं.

ती आली आणि तिनं माझा हात मेणबत्तीवरून ओढला. तर्जनीचं कातडं पांढरं पडून फुगलं होतं. मला काहीच दुखत नव्हतं. शुगरनं पायांची जाणीव कमी झालीय हे माहीत होतं. हातांचं मी मनावरच घेतलं नव्हतं.

तिनं दोरी उचलून स्वतःच्या चिमटीतून ओढली. "अहो, इथं केवढा गठ्ठा आहे."

"आधीचा जोड बघ."

"तिथंही आहे."

इतके महिने मी ज्याला फक्कड म्हणत होतो ते हे होतं. गेलेली जाणीव परत येत नाही, असं डॉक्टरांनी पायांच्या वेळीच सांगितलं होतं.

"मी सांगत जाईन ना, कुठं लागतंय ते," ती म्हणाली. मी मान फिरवून खिडकीबाहेर बघत बसलो. बऱ्याच वेळानं वळलो, तेव्हा दिसलं की माझं बोट तिच्या हातात होतं आणि ती मलम लावत होती.