मान वर ठेवजो

मी कलकत्त्याला निघालो, त्या सकाळी बाबांनीच मला डोंग्यातून वैनगंगेपार सोडलं. अलीकडे आपलं गाव, पलीकडे बालाघाटचं स्टेशन. पोहणारा म्हणून रेल्वेत नोकरी लागली होती, त्यामुळे मी हवेतच होतो. धाकटी बहीण कुसुम डोंग्याच्या बाजूने पोहत आली. मधेच थांबली, वरून वाहत आलेली फांदी जाऊ दिली आणि हसून परत फिरली. खरं सांगतो, ती माझ्यापेक्षा चांगली पोहायची. बाबा आम्हा दोघांना एकच सांगायचे, "मान वर ठेवजो. नदी वरून काय आनून राह्यली, ते पाहात जाजो."

कलकत्त्यात पहिल्याच दिवशी कोचने माझी मान पाण्यात दाबली. स्विमिंग पूलमध्ये वरून काहीच येत नाही. तळाशी काळी रेघ असते, तिच्यावर डोळे ठेवायचे आणि सुटायचं. मी सुटलो. चार वर्षांत देशात पहिला आलो, पेपरात फोटो छापून आला. तो घरी पाठवताना मोठ्या शहाणपणाने कुसुमला लिहिलं, मान खाली घाल, वेग वाढतो.

तिचं उत्तर आलं, "दादा, खरंच वाढला. बाबा चिडून राह्यले, पन मले तुह्यासारखं व्हायचं हाय." ते पत्र मी होस्टेलभर दाखवत फिरलो. दिवस आषाढाचे होते, हे माझ्या मनातही आलं नाही.

त्याच आठवड्यात पुरातून उन्मळलेलं सागाचं झाड आलं, तेव्हा कुसुम पाण्यात होती. मी घरी पोचलो तेव्हा बाबांचा आवाज पार बसला होता. "घाटावरून लय हाका मारल्या रे. तिनं मान वर केलीच नाई." माझी चिठ्ठी त्यांनी वाचून घेतली होती. एवढंच विचारलं, "तिथं खाली काय पाहता रे तुमी?"

"रेघ, बाबा."



आता बाबाही नाहीत. आणि तुम्ही गावकरी लिहिता, माझ्या नावाने घाटावर शर्यत ठेवताय, पोरंपोरी अगदी माझ्यासारखी मान खाली घालून पोहायला शिकलीत. घर म्हटलं की मला बाबांची ती हाक आठवते, आणि मी तर ती ऐकलेलीही नाही.

शर्यत ठेवा, पण कुसुमच्या नावाने. मी येतो. डोंग्यात उभा राहीन, आणि जो मान खाली घालेल त्याला पाण्याबाहेर काढीन, सगळ्यांच्या पुढे असला तरी.